काकडी, जशी होती तशी

ओवोसो, जुलैअखेर

तीर्थरूप जेनेव्हिव्ह आत्या,

तुझा भाचा अँब्रोज याचा साष्टांग नमस्कार. (आठपैकी एक अंग, म्हणजे उजवा पाय, सध्या उशीवर आहे आणि तो जमिनीला टेकवायला डॉक्टरांची मनाई आहे. तेव्हा हा नमस्कार सात अंगांचा समजावा. पायाचं कारण या पत्रात पुढे येईल; न आलं तर मला सांगायची लाज वाटली असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? अल्पीनाला सरोवरावरून धुकं येतं तेव्हा तो जास्त दुखतो असं तू म्हणतेस, आणि इथे धुकं नसूनही तुझ्या भाचेसुनेचा, रोवीनाचा, गुडघा दुखतो, त्यामुळे धुक्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. फिलोमिनाताई जेवणात मीठ कमी घालते ही तुझी तक्रार मी रोवीनाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ताईंचंच बरोबर आहे." हे तुला कळवू नये असं मला वाटलं होतं, पण अर्धा निरोप पोचवणं मला जमत नाही.

पत्र लिहिण्याची कारणं दोन. एक तू दिलेलं, एक माझं. आधी तुझं. तुझ्या शेजारणीच्या जावयाने, एल्डनने, कुणाच्या तरी कोठारातून एक जुनी गाडी ओढून आणली आहे आणि त्याला चार अनुभवाच्या गोष्टी लिहून पाठव, असं तू म्हणालीस. हे पत्र तू त्याला वाचायला देणार, म्हणून त्याच्यासाठी दोन ओळी: काकडी म्हणजे आमच्या आत्याची १९६९ ची हिरवी गाडी. त्या काळी इथल्या कारखान्यांतून मध्यम बांध्याच्या गाडीत रणगाड्याला शोभेल असं इंजिन घालून ज्या दांडग्या मसल कार निघायच्या, त्यांतली एक. आत्या त्याच कारखान्यात कामाला होती. तिच्या हाताखालून ही गाडी पुढे सरकली, ती तिला आवडली, आणि तिने तीच घेतली. पुढे कॅसिमिर आतोबा, म्हणजे तिचे कॅसी, गेले, आत्या अल्पीनाला लेकीकडे, फिलोमिनाताईकडे, राहायला गेली, आणि गाडी माझ्या गॅरेजात आली.

गेल्या वर्षी तू आमच्या स्वयंपाकघरात पिरोगी, त्या पोलिश करंज्या, वळत बसली होतीस आणि हातातला गोळा माझ्यावर रोखून म्हणालीस, "अँब्र्या, ऐंशीव्या वाढदिवसाला मी येणार. काकडी घेऊन दफनभूमीच्या फाटकापर्यंत जाणार, आणि तिथे एकदा असा पाय दाबणार की कॅसीला आत ऐकू गेलं पाहिजे. गाडी मला जशी होती तशी पाहिजे. कळलं का?" मी कळलं म्हणालो. त्याच संध्याकाळी तुझे शब्द मी जसेच्या तसे रोजनिशीत उतरवून ठेवले. शब्दांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, हे वाचनालयातले सगळे सांगतील. पण जशी होती तशी, म्हणजे कधी होती तशी, हे विचारायचं मला सुचलं नाही. या पत्रातल्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. एल्डनला सांग, पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न विचार.

आता त्याच्या उपयोगाचं. गाडी खोलताना प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालावा आणि पिशवीवर चिठ्ठी लावावी, हा सल्ला प्रत्येक पुस्तकात असतो आणि तो बरोबर आहे. मीही लावल्या. पण माझ्या चिठ्ठ्या अशा होत्या: 'डाव्या दाराचा, बहुधा वरचा, मात्र लिहिताना माझं तोंड गाडीकडे होतं की पाठ, हे आता सांगता येत नाही.' या धंद्यात डावं म्हणजे नेहमी चालकाच्या सीटवर बसलेल्या माणसाचं डावं, हे मला निम्मी गाडी उतरवून झाल्यावर कळलं. तोवर मी कधी गाडीपुढे उभा होतो, कधी मागे, आणि एकदा दिव्याच्या तारा काढताना तिच्याखाली आडवा. त्यामुळे माझ्याकडे चार दिशांची डावी बाजू जमा झाली. दरवाजे बसवले तेव्हा एक उघडताना मांजरीसारखा ओरडायचा आणि दुसरा मिटायचाच नाही. रोवीना म्हणाली, "चिठ्ठ्या लावण्यापेक्षा फोटो काढले असतेस तर?" फोटोही काढले होते. ते आरशातून काढले होते, कारण मागची बाजू थेट दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट गंजाची. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीवर विश्वास ठेवू नये. चुंबक घेऊन पत्र्यावरून फिरवावं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मी आमच्या फ्रिजवरचं चुंबक घेतलं. (त्याखाली रोवीनाची दंतवैद्याची वेळ अडकवलेली होती. तिची दाढ अजून तशीच आहे आणि घरातलं वातावरणही.) चुंबक सगळीकडे नीट चिकटत होतं, फक्त डिकीत ते घसरलं. गालिचा उचलला तर तळ गंजून गेलेला, आणि भोकावर रिव्हेट मारून बसवलेली एक पिवळी ॲल्युमिनियमची पाटी: 'पुढे रस्ता नाही.' आत्या, ही कॅसिमिर आतोबांची डागडुजी. पाटी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या रस्तेखात्याची आहे. ती आतोबांना कुठे मिळाली हे मी विचारत नाही, पण ती ज्या वळणावरून गेली तिथे पुढे काय झालं असेल, या विचाराने माझे दोन-तीन दिवस वाईट गेले. पाटी परत करावी का, यावर मी रोजनिशीत दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

तिसरी गोष्ट: आधी थांबण्याची सोय करावी, मग पळण्याची. ब्रेकचे पाइप नवे केल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये. माझ्या हातून घडलेली ही एकमेव गोष्ट, जिच्यात मला खोट दिसत नाही, म्हणून ती एवढ्यातच आटोपतो.

मग इंजिन. ते उतरवून, कांद्यासारखं सोलून, धुऊन, नव्या रिंगा नि नवा कॅमशाफ्ट घालून मी अंगणात लोखंडी घोडीवर बसवलं. नव्या कॅमशाफ्टचा नियम असा की पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की ते मंद पडू द्यायचं नाही. चांगला वेळ मोठ्याने चालवत ठेवायचं, नाहीतर आतलं सगळं खरवडून जातं. सायलेन्सर नव्हताच. इंजिन घोडीवर असं गरजलं की शेजाऱ्यांचं कुत्रं त्यांच्या पोहण्याच्या तलावात गेलं, आणि नेमके त्याच वेळी चर्चच्या सोडतीची तिकिटं घेऊन फादर लिओपोल्ड फाटकात आले. मला इंजिन सोडता येईना, त्यांना जाता येईना. मी एका हाताने थ्रॉटल धरून दुसऱ्याने त्यांना बसा म्हणालो. ते तिसऱ्याच कशाला तरी हो म्हणाले. शेवटी बंद केल्यावर त्यांनी कानावरची टोपी वर केली आणि म्हणाले, "अँब्रोज, इतक्या एकाग्रतेने माझं प्रवचन कुणी ऐकत नाही." इंजिन उत्तम चाललं. घोडीवर.

यानंतर डेलबर्ट हूकस्ट्रा आला. एल्डनला सांग, प्रत्येक गावात एक डेलबर्ट असतो. तो जुन्या गाड्यांच्या मेळ्यात गुण देतो. आमच्या क्लबात त्याच्यासमोर कुणी 'साधारण' हा शब्द वापरत नाही. तो तत्त्वाने म्हणतो की गाडी कारखान्याच्या दारातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी होती तशीच हवी, कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही. तुझे शब्द, आत्या, 'जशी होती तशी', मी त्याला वाचून दाखवले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "या बाईला कळतं," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो सांगायचा आणि मी करायचो. बॉनेटच्या आत कारखान्याच्या घाईत जिथे रंग ओघळला होता, तिथे तो पुन्हा ओघळला पाहिजे, असा त्याचा हट्ट. रंग नीट लावायला मी शिकलो होतो. तो वाईट लावायला मला दोन आठवडे सराव करावा लागला. डेलबर्ट भिंग घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "हा ओघळ शिकल्यासवरल्या माणसाचा आहे. पुसून टाक."

त्यातच ती पिवळ्या खडूची खूण. इंजिनामागच्या पत्र्यावर आकड्यासारखी वळलेली. क्लबात तिच्यावर अनेक वर्षं वाद आहे. ती ब्रेक तपासल्याची खूण, यावर बहुमत आहे. तिचा कोन किती हवा, यावर दोन तट आहेत, आणि कोन चुकला तर डेलबर्ट गुण कापतो. तीन राज्यांतली मोठमोठी माणसं गाडीत डोकं खुपसून ती खूण पत्र्याच्या साच्यावरून गिरवतात. तुला मी फोनवर विचारलं तेव्हा तू इतकी हसलीस की फिलोमिनाताईने घाबरून फोन हातातून घेतला. "अरे, ते पर्व्हिस मुकादमाचं नाक आहे! तो पाठ फिरवून गेला की मी काढायची." हे डेलबर्टला सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. एका माणसाच्या आयुष्यभराच्या श्रद्धेला धक्का द्यायचा आपल्याला काय अधिकार? दुसरीकडे, नाक ते नाक. शेवटी सांगितलं. मग त्याने खिशातून टिपणाची पेन्सिल काढली आणि हळूच विचारलं, "उजवीकडून की डावीकडून?"

आता वासाचं. एल्डनच्या गाडीत उंदरांचा असेल. आपल्या गाडीत लोणच्याचा होता. फिलोमिनाताईच्या बारशाला शेपूच्या पाल्यात घातलेल्या काकड्यांची बरणी डिकीत फुटली, तेव्हापासून तिला काकडी म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. (रंग हिरवा हे नंतर जोडलेलं कारण.) डेलबर्ट म्हणाला, कारखान्यातून गाडी हा वास घेऊन निघाली नव्हती. मी पुस्तकात पाहिलं. वास घालवायला व्हिनेगर उत्तम, असं दिलं होतं. लोणच्याचा वास व्हिनेगरने धुणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या पदवीधराच्या लक्षात यायला डिकी दोनदा धुवावी लागली. रोवीना गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "आता नुसता ब्रेड आण, गाडी खाऊनच टाकू." पुढे खायच्या सोड्याने वास गेला.

आणि मग बाकीचंही गेलं. स्टिअरिंगवरची आतोबांनी टोपणाच्या मुठीसारखी बसवलेली लाकडी गुंडी. डॅशखालचा तुझ्या पर्सचा हूक. पुढच्या जाळीतून जिभेसारखी लोंबणारी, हिवाळ्यात इंजिन गरम ठेवायची वायर. प्रवाशांचा राखणदार संत, सेंट ख्रिस्तोफर, त्याची छोटी मूर्ती. 'पुढे रस्ता नाही.' आणि मागच्या डाव्या मडगार्डावरचा तो खळगा. तोही मी आतून हातोडीने ठोकून, पुट्टी भरून, घासून, रंगवून असा नाहीसा केला की त्यात ढगांचं प्रतिबिंब दिसतं. डेलबर्टने हात मागे बांधून गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि टाळ्या वाजवल्या. या माणसाला टाळ्या वाजवताना आधी कुणी पाहिलेलं नाही. मला भरून आलं होतं, हे कबूल करतो.

तेवढ्यात रोवीना कॉफी घेऊन आली. तिनेही एक फेरी मारली. म्हणाली, "सुंदर झालीय. कुणाची आहे?"

आत्या, मी कप खाली ठेवला. मी डाव्या मडगार्डावरून हात फिरवला आणि हात कुठेही अडला नाही. तू कॅथलिक शाळेच्या पटांगणात, बारशाच्या सकाळी, बर्फात, पोर कडेवर घेऊन उभी आहेस, गाडी सुरू होत नाही, आणि चर्चचे कपडे अन् कारखान्याचे बूट घातलेले आतोबा मागे जाऊन तिला लाथ मारतात, ही गोष्ट मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. पुढे प्रत्येक थंडीत ते त्याच जागी बुटाचं टोक हलकेच टेकवायचे आणि तू आतून ओरडायचीस, "कॅसी, विनंती कर, विनंती!" त्या गोष्टीचा एकुलता एक पुरावा मी पुट्टीने भरून वर दोन हात लॅकर मारलं होतं. कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी गाडी तू फक्त एक दिवस पाहिलीस. बाकीची सगळी वर्षं ती दुसरीच होती, आणि मी नेमका तो एक दिवस परत आणला होता.

म्हणून मी उलटं काम सुरू केलं. काढलेलं काहीही मी टाकत नाही, हा माझा दोष इथे कामाला आला. खोकं उघडलं. गुंडी बसली. वायर लोंबली. पाटी मी नव्या तळावर रिव्हेट मारून लावली आणि काउंटीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तूर्त बाजूला ठेवला. मी डॅशला हुकासाठी भोक पाडत होतो तेव्हा डेलबर्ट आत आला आणि त्याला खुर्ची द्यावी लागली.

"अरे, हे काय करतोस काय?"

"हूक लावतोय. आत्याच्या पर्सचा."

"कारखान्यातून हूक आला नव्हता, अँब्रोज!"

"आत्या आली होती ना कारखान्यातून."

यावर तो खुर्चीतून उठला, टॉर्च हातात घेतला आणि भोक सरळ पडावं म्हणून उजेड धरला. तेव्हा एल्डनला माझा शेवटचा सल्ला असा: गाडी दुरुस्त करण्याआधी तिच्या माणसांना एकदा तिच्यात बसवून बघावं, आणि त्यांचे हात आपोआप कुठे जातात ते लिहून ठेवावं. तिथलं काही काढू नये.

बाकी सर्व ठीक. इंजिन जागेवर बसलं, ब्रेक घट्ट, चारही टायर नवे, रेडिओवर डेट्रॉइटचं बेसबॉल लागतं. वासासाठी मी डिकीत शेपूचा पाला ठेवून पाहिला आहे. निम्मा जमला आहे. तू येशील तेव्हा गाडी दारात उभी असेल, हा शब्द. आशीर्वाद द्यायला इथे लहान कुणी नाही, तेव्हा ते सगळे माझ्या पायाला द्यावेत.

तुझा
अँब्रोज कुचिन्स्की

ता. क. पत्र एल्डनला देण्याआधी इथून खालचा कागद फाडून घ्यावा.

ता. क. दुसरा. सगळं परत बसलं असं वर वाचून तुला वाटलं असेल. खळगा परत आलेला नाही. आधी रबरी हातोड्याने प्रयत्न केला. तो वाटीसारखा गोल झाला, पुन्हा बाहेर काढावा लागला. डेलबर्टने साचा करायचं सुचवलं. मग मी विचार केला की खळगा लाथेचा होता, तेव्हा लाथच मारली पाहिजे, आणि वाचनालयात जायच्या कॅनव्हासच्या बुटांनी मारली. पाय कुठे मोडला ते तुला आता कळलं. मडगार्डाला काही झालं नाही. ढग अजून दिसतात. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी कागदावर 'पडले' असं लिहिलं.

ता. क. तिसरा. वरचं पत्र पुन्हा नीट वाचून बघ. गाडी सुरू होते, असं मी त्यात कुठेही लिहिलेलं नाही. इंजिन घोडीवर चाललं, असं लिहिलं आहे. ते खरं आहे. गाडीत बसवल्यापासून ते हूं की चूं करत नाही. डेलबर्टने तारा तपासल्या, मी पेट्रोल तपासलं, क्लबातल्या सगळ्यांनी आपापलं एक कारण शोधलं, आणि प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं होतं. फक्त ती सुरू होत नाही. रोवीना म्हणते, "ती लाथेची वाट बघतेय." मी शिकलेला माणूस आहे, मला हे पटत नाही. म्हणूनच माझ्या लाथेने झालं नसेल, असंही वाटतं.

ता. क. चौथा, आणि पत्राचं माझं कारण हेच. वाढदिवसाच्या एक दिवस आधी ये. तुझ्या अंगणात आतोबांच्या कारखान्यातल्या पोलादी टोकाच्या बुटांत तू जिरेनियम लावली आहेस. ती फुलं कुंडीत हलव आणि बूट घेऊन ये. गुडघा साथ देत असेल तर लाथ तूच मार. नसेल तर खुर्चीत बसून नुसतं टोक टेकव आणि विनंती कर. तिला तुझा आवाज ओळखू येईल. माती बुटातच राहू दे. डेलबर्ट विचारतो आहे की आतोबांनी त्या दिवशी उजव्या पायाने मारली होती की डाव्या. नक्की आठवत असेल तर तोच बूट आण. शंका असेल तर दोन्ही.